तीन ते पावणेचारची बॅच

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एका कंपनीच्या आवारातून गायब झालेला तांब्याच्या तारेचा अख्खा ट्रक शोधून काढला. पण निवृत्त झाल्यावर कुणी 'साहेब, एखादी केस सांगा' म्हटलं, की मला हटकून आठवते ती पोहण्याच्या तलावाच्या तिकिटांची भानगड. तिच्यात रक्त नाही, पाठलाग नाही, आणि खरं सांगायचं तर गुन्हाही नाही. तरी ती डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा आकुर्डीच्या पलीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. हद्दीतली निम्मी वस्ती कंपन्यांत कामाला आलेल्यांची, निम्मी जुन्या गावठाणातली. गावठाणाच्या कडेला सार्वजनिक जलतरण तलाव. कुठला ते लिहीत नाही, जाणकारांनी ओळखू नये ही विनंती. दिवसभर पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या बॅचेस चालायच्या आणि त्यांतली दुपारी तीन ते पावणेचार ही एकच बॅच बायकांची होती. तेवढा वेळ आत पुरुष नाही. जीवरक्षकसुद्धा बाईच.

तलावाचा खर्च तिकिटांतून निघत नव्हता. कधीच निघाला नव्हता. आपल्याकडे रस्ता महिन्याला किती कमावतो असं कुणी विचारत नाही, बागेतल्या बाकाकडे कुणी हिशेब मागत नाही, पण तलाव दिसला की सगळ्यांना तोटा आठवतो. त्या वर्षी वरून दोन निर्णय आले होते. एक, फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेपासून वीस रुपयांचं तिकीट चाळीसला. दोन, ज्या बॅचची जानेवारीत चारशे तिकिटं विकली जाणार नाहीत ती बॅच बंद, आणि तिची वेळ खासगी कोचिंग क्लासला भाड्याने. थंडीच्या महिन्यात पोहणाऱ्या बायका मोजण्याची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला मी भेटलेलो नाही.

संक्रांतीनंतर आठवड्याभरात टपालात एक निनावी अर्ज आला. मजकूर दोन ओळींचा. तलावावर बायकांच्या बॅचची तिकिटं धडाधड विकली जातात, पाण्यात मात्र बाई दिसत नाही, चौकशी व्हावी. निनावी अर्जांचं आमच्याकडे ठरलेलं असतं. आवक क्रमांक पडतो, कुणातरी हवालदाराच्या नावावर जातो, आणि महिन्याभराने 'तथ्य आढळले नाही' असा शेरा मारून दप्तरी दाखल होतो. हाही तसाच गेला असता. पण दुसऱ्याच दिवशी तलावाच्या ठेकेदाराचा सुपरवायझर स्वतः हजर झाला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, बोलणं गोड. त्याच्याकडे तिकीटविक्रीचं रजिस्टर होतं आणि आत जाणाऱ्यांच्या सह्यांचं रजिस्टरही. पहिल्यात बायकांच्या बॅचची जानेवारीतली तोवरची तिकिटं होती तीनशे बावन्न. दुसऱ्यात सह्या अडतीस.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो कुठल्याही पोलिसाने विचारला असता. पैसे किती कमी आहेत? तो म्हणाला, पैसे पूर्ण भरलेत, एक रुपया कमी नाही.

आता ही पंचाईत. पैसे कमी पडले की पोलिसाला रस्ता दिसतो. पैसे चोख आणि माणसंच गायब, असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. सुपरवायझरने मला मार्ग दाखवला. एक तारखेला दर दुप्पट होणार. तिकिटावर विकताना तारीख पडत नाही, ती क्रमांकासमोर रजिस्टरात असते, आत जाताना शिक्का बसतो, आणि तिकीट विकल्यापासून वर्षभर चालतं. म्हणजे जानेवारीत वीसने साठा करायचा आणि मे महिन्यात तलावावर झुंबड उडाली की दरवाजात उभं राहून पन्नासने विकायचा. मला ते पटलं. खरं सांगायचं तर आवडलं. सिनेमाच्या तिकिटांचा काळाबाजार मी तरुणपणी पकडला होता, इतक्या वर्षांनी ओळखीचा चोर भेटल्यासारखं वाटलं.

दुपारच्या वेळी खिडकीवरचा कारकून जेवायला जायचा. बायकांच्या बॅचची तिकिटं ती जीवरक्षक बाईच फाडायची. रजिस्टरमध्ये अक्षर तिचं होतं. मी तिला बोलावून घेतलं.

इथे एक गोष्ट कबूल करतो. चौकशीसाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जाऊन जबाब घ्यावा असा कायदा आहे. आणि त्यावर ठाण्यातली पळवाटही जुनी आहे. निरोप धाडायचा, आणि ती आली की स्टेशन डायरीला 'स्वखुशीने हजर' अशी नोंद करायची. मी तीच करायला लावली. निरोप पोलिसाचा असला की लोक स्वखुशीने येतातच.

बाई तिशी-पस्तिशीची, परभणीकडची. नवरा चाकणला एका कंपनीत कंत्राटावर. अंगाने काटक, पाठ सरळ ठेवून बसायची. पोहायला कुठे शिकलीस, असं मी सुरुवातीला सहज विचारलं. चौकशीत माणूस आधी मोकळा करायचा असतो. पाठीला डबा बांधून मामाच्या विहिरीत, असं ती म्हणाली. तिथपर्यंत बोलणं छान झालं. तिकिटांचा विषय निघाला आणि तिने तोंड मिटलं.

कुणी घेतली तिकिटं? गिऱ्हाइकांनी. कोण गिऱ्हाईक? आठवत नाही. तीनशे तिकिटं घेणारं गिऱ्हाईक आठवत नाही? गप्प. तू स्वतः घेतलीस का? त्यावर मात्र तिने मान वर केली.

"इकली, पैशे भरले, पावती हाये. चोरी कुठं झाली, साहेब?"

मी म्हटलं, तिकीट घेतलेली माणसं पोहायला का येत नाहीत, ते सांग.

"पोहायलाच यावं, असं तिकिटावर कुठं लिव्हलंय?"

मला तो उद्धटपणा वाटला. आज वाटतं, तिने उत्तर देऊन टाकलं होतं, मीच ते ऐकलं नाही. मी तिला बाहेर, ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर बसवायला सांगितलं. शेजारी महिला शिपाई. हेही आमचं जुनं तंत्र. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, नुसतं बसवून ठेवायचं. येणारे-जाणारे बघतात, त्यांतले दोन ओळखीचे निघतात, आणि संध्याकाळपर्यंत माणूस आपोआप बोलतो.

ती बोलली नाही. सकाळी अकराला आली, पाचला घरी सोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चहा दिला तर घेतला नाही. डबा घरून आणायची आणि तो बाकावरच खायची. दिवसातून एकदा मी बाहेर डोकावलो की तिचा एकच प्रश्न.

"आज तारीख किती, साहेब?"

मी तारीख सांगायचो आणि मनात म्हणायचो, बघा, लक्ष सगळं एक तारखेवर. दर वाढला की हिचा माल सोन्याचा. माझी लिखापढी बघणारा रायटर हवालदार याच भागातला, स्वभावाने सरळ. तो दुसऱ्या दिवशी म्हणाला, "साहेब, चोर असती तर एव्हाना रडली असती नाहीतर वकील आणला असता. ही नुसती दिवस मोजतीय." मी त्याला आपल्या कामाशी काम ठेवायला सांगितलं. वरिष्ठाला खालच्याचं बरोबर निघालेलं चालत नाही, हा आमच्या खात्यातला जुना आजार आहे आणि मला तो चांगलाच होता.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, ती पुन्हा बसली. त्या संध्याकाळी मी वेळेत घरी गेलो. पत्नी गावठाणातल्या एका घरी हळदीकुंकवाला गेली होती, ती परतली. हातातला तिळगूळ तिने टेबलावर ठेवला आणि त्याच्याशेजारी वाण ठेवलं. दरवर्षी आमच्या घरात या दिवसांत प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, साबणाच्या वड्या जमा होतात आणि पुढच्या संक्रांतीला त्यांतल्या काही दुसऱ्यांच्या घरी जातात. या वेळी टेबलावर होता एक छोटासा कागद, कोपऱ्याला कुंकवाचं बोट लागलेला.

मी तो उचलला. जलतरण तलाव, प्रवेश तिकीट, रुपये वीस. खिशातल्या डायरीत मी तिकिटांचे क्रमांक टिपून ठेवले होते. काढून पाहिले. क्रमांक त्याच पुस्तकातला.

"हे कुणी दिलं?"

पत्नीने गावठाणातल्या एका आजींचं घर सांगितलं. साठेक बायका होत्या, सगळ्यांना हेच वाण. आणखी चार-पाच घरांतही यंदा हेच वाटतायत. मग तिने पदराची पिन काढता काढता, माझ्याकडे न बघता विचारलं, "ती पोहणारी बाई तुमच्याच ठाण्यात बसवलीय ना? सगळ्या तिच्याबद्दलच बोलत होत्या. मी कोणाची कोण ते तिथे सांगितलं नाही."

एवढ्या वर्षांच्या संसारात तोवर तिने माझ्या कामाबद्दल काही बोलल्याचं मला आठवत नाही.

रविवारी सकाळी मी साध्या कपड्यांत हवालदाराला घेऊन आजींकडे गेलो. वय सत्तरीचं, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. अंगणातल्या खुर्चीत बसून गवार निवडत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्या घाबरल्या नाहीत. सुनेला चहा टाकायला सांगितला आणि मला बसायला.

तलाव बांधला ती जमीन त्यांचीच. तिथे त्यांची विहीर होती. लग्न होऊन आल्यावर त्या याच विहिरीत पोहल्या, दुपारी, बाप्ये शेतावर गेले की. नंतर जमीन गेली, विहीर बुजली, वरती तलाव झाला आणि बरीच वर्षं त्या तिथे फिरकल्याही नाहीत. गुडघे गेले तेव्हा डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं. या वयात बाप्यांसमोर पाण्यात कसं उतरायचं म्हणून त्या बायकांच्या बॅचला जाऊ लागल्या. परभणीची ती बाई त्यांना हाताला धरून पायरी पायरीने उतरवायची. जमिनीवर दहा पावलं टाकताना कण्हणाऱ्या आजी पाण्यात पाऊण तास चालायच्या. बॅच बंद होणार हे तिथेच कळलं, आणि चारशेचा आकडाही.

"मंग आमी पाच-सहा जणींनी ठरवलं," आजी म्हणाल्या. "दरसाल डबं वाटायचं, कोण वापरतंय? यंदा तिकिटं वाटू. वाण बी व्हतंय आन् आकडा बी भरतोय. थंडीत कोन न्हाई उतरायचं, पर उन्हाळ्यात येत्याल की. तिकीट वरीसभर चालतंय."

मी विचारलं, मग तुम्ही ठाण्यात येऊन हे सांगितलं का नाही? बाई तीन दिवस बसून आहे.

"तिनंच निरोप धाडला. कुनी यिऊ नगा म्हनली. ठेकेदाराला कळलं तर बोगस म्हनून समदी तिकिटं रद करंल. म्हैना सपायच्या आत सोडत्याल, तवर मी बसते, उरल्याली तिकिटं मंग इकते म्हनली." आजींनी हातातली शेंग खाली ठेवली. "साहेब, आमी पैसं मोजून तिकिटं घेतली. कुनाला द्यायची त्ये बी सरकार सांगनार व्हय?"

मी चहा प्यायलो.

मी ठाण्यात जाऊन फाइल पुन्हा काढली आणि सावकाश वाचली. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. निनावी अर्जाचा कागद उलटा केला. मागे छापील रकाने होते. अनुक्रमांक, नाव, वेळ, सही. तलावाच्या प्रवेश रजिस्टरचंच पान फाडून त्याच्या कोऱ्या पाठीवर अर्ज लिहिला होता. हा कागद आठवडाभर माझ्या टेबलावर पडून होता. अर्जाचा मजकूर सगळे वाचतात, मागची बाजू फारसं कुणी बघत नाही. ती बघायची असते, हे मी नव्या फौजदारांना कैक वर्षं शिकवत आलो होतो.

सोमवारी बाईला बोलावलं नाही, सुपरवायझरला बोलावलं. कागद उलटा करून त्याच्यासमोर ठेवला. तो तसाच गोड हसला. "साहेब, मी त्यात खोटं काय लिहिलंय?"

आणि खरोखरच त्यात खोटं काही नव्हतं. तिकिटं विकली जात होती, पाण्यात बाई दिसत नव्हती, अक्षर न् अक्षर खरं. फक्त कोचिंग क्लास ठेकेदाराच्या मेव्हण्याचा होता, एवढंच लिहायचं राहून गेलं होतं. तिकिटं कशासाठी जातायत याचा त्याला अंदाज होताच. त्याला एकच गोष्ट हवी होती. जीवरक्षक बाई नसली की नियमाने बायकांची बॅच भरत नाही, आणि दुपारची खिडकी उघडत नाही. तीनशे बावन्नवर आकडा अडकलेला होता. तिला तलावापासून दूर ठेवायचं काम त्याने माझ्याकडून करून घेतलं, तेही फुकट आणि कायद्याच्या नावाने. त्याच्यावर लावायला माझ्याकडे कलम नव्हतं. तसं तर माझ्यावरही कुणी लावलं नाही.

त्याच दिवशी मी अहवाल लिहिला. तिकिटं खरी, रक्कम पूर्ण भरलेली, खरेदीदार निष्पन्न, कोणताही गुन्हा घडलेला नाही, संबंधित महिला कर्मचाऱ्यास कामावर घेण्यास हरकत नाही. सुपरवायझरने तिला आधीच 'पोलीस चौकशी चालू' म्हणून कामावरून थांबवलं होतं. तोंडी सांगून तो ऐकणार नाही हे दिसत होतं, म्हणून पत्र थेट वरच्या कार्यालयात हवालदाराच्या हाती पाठवलं आणि पोहोच घेतली. तरी कागद फिरायला दोन दिवस गेले. ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी कामावर परत आली. अठ्ठेचाळीस तिकिटं कमी होती आणि तिच्या हातात पाऊण तास.

त्या दुपारी खिडकीवर रांग लागली होती, असं हवालदार सांगत आला. रथसप्तमी अजून पुढे होती, कितीतरी घरांचं हळदीकुंकू बाकी होतं. आजी खुर्ची टाकून रांगेच्या तोंडाशी बसल्या होत्या. पावणेचारला पुस्तक बंद झालं तेव्हा आकडा चारशे एकोणीस होता. मी गेलो नव्हतो. जाण्यासारखं तोंड नव्हतं.

बॅच वाचली. दर चाळीस झाला तो झालाच, त्याने काही बायका गळाल्या. पण एप्रिलपासून कुंकू लागलेली तिकिटं बाहेर निघू लागली आणि मे महिन्यात त्या पाऊण तासाला तलावात उभं राहायला जागा नव्हती, असं ऐकलं.

मी ऑक्टोबरअखेर निवृत्त झालो. सत्कारात माझ्या तपासकौशल्याबद्दल तिघे बोलले. मला मात्र भाषण ऐकताना तो बाक दिसत होता. चोरी कुणी केली, हे मी आयुष्यभर विचारलं. माणूस गप्प का आहे, हे विचारायला तेवढीच मेहनत लागली असती. त्या बाईच्या गप्प बसण्याला मी चोराचं गप्प बसणं समजलो, कारण माझ्या समोरच्या बाकावर बहुधा चोरच बसत आले होते. ही सवय नोकरीने लावली असं म्हणता येईल. पण पळवाट मी स्वतः काढली होती. 'स्वखुशीने हजर' ही नोंद माझ्या हुकमाने झाली. याची मला लाज वाटते, आणि ती वाटते असं स्वच्छ लिहिलेलं बरं.

पुढची संक्रांत आली. पत्नीच्या कुंकवाच्या डबीत ते तिकीट तसंच घडी घालून होतं. मी दिवस मोजले. मुदत संपायला थोडेच दिवस राहिले होते. म्हटलं, तिकीट वाया जाईल, एकदा जाऊन का येत नाहीस?

"तिला तुम्ही तीन दिवस बाकावर बसवलंत," ती म्हणाली. "मी कुठल्या तोंडाने तिच्या हाताला धरून पाण्यात उतरू?"

म्हणजे वर्षभर ती याच कारणासाठी गेली नव्हती. मला वाटत होतं, पाण्याला भिते. मी म्हटलं, चल, मी येतो बरोबर.

तीनला पाच कमी असताना आम्ही खिडकीशी पोहोचलो. तीच बाई होती. तिने मला लगेच ओळखलं. वाटेत मी चार वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकच निघालं. "त्या वेळी माझी चूक झाली," मी म्हटलं.

तिने मान हलवली. क्षमा केली की नुसतं ऐकलं, ते मला कळलं नाही. पत्नीच्या हातातलं तिकीट घेतलं, तारखेचा शिक्का उचलून आजचा आकडा बरोबर आहे ना ते बघितलं आणि तिकिटावर दाबला. मग खिडकीतून बाहेर येऊन तिने पत्नीचा हात धरला.

"काकूंना मी बघते," ती मला म्हणाली. "बॅच बायकांची हाये, साहेब. तुम्ही तिथं बाकावर बसा."

दाराबाहेर भिंतीलगत सिमेंटचा बाक होता. मी बसलो. येणाऱ्या बायका एकेक करून माझ्याकडे बघत आत जात होत्या. त्यांतल्या दोन-तिघींनी ओळखलं असावं. दार लागलं. पलीकडून पाण्याचा आवाज येऊ लागला, मग बायकांचं हसणं, आणि त्यात एकदा मला पत्नीचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटला. मी पाठ सरळ करून बसलो, वाकून बसलो, मोबाइल काढला, परत ठेवला. बराच वेळ झाला म्हणून घड्याळात पाहिलं. सव्वातीनच वाजले होते.